ग्रॅमपासून टनापर्यंत : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील उत्प्रेरक-संशोधनाची वाटचाल

पुण्याबाहेर पाषाणच्या वाटेवर ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला बसवण्यात आली. स्वातंत्र्याला अजून चार महिने अवकाश होता. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे आज सर्वतोमुखी असलेली सीएसआयआर, १९४२ साली स्थापन झाली होती. तिचे पहिले सूत्रधार डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांनी देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारण्याचा आराखडा मांडला होता. भौतिकशास्त्रासाठी दिल्ली, धातुशास्त्रासाठी जमशेदपूर आणि रसायनशास्त्रासाठी पुणे ही स्थाने ठरली. टाटांच्या धर्मादाय निधीतून पुण्याच्या प्रयोगशाळेला भरीव देणगी मिळाली.

अशा प्रयोगशाळेची गरज का होती, हे समजण्यासाठी विदर्भाच्या पूर्व टोकाकडे पाहिले तरी पुरे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट-नैनपूरकडे अरुंद मार्गाची रेल्वे सुरू झाली आणि या मुलखातले खनिज बंदराकडे जाऊ लागले. त्या काळी हिंदुस्थान मँगनीज-उत्पादनात जगाच्या आघाडीवर होता. माती-दगडाच्या भावाने खनिज बाहेर जाई आणि त्यापासून, किंवा त्याच्या मदतीने, बनलेली पोलादे, रंग, औषधे आणि रसायने परत येत. या व्यवहारातील तोटा खाणवाल्यांनाही कळत होता. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाच्या हाती सोपवली. त्यातून १९४२ साली नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. रसायनतज्ज्ञ घडवण्याची सोय अशा रीतीने झाली. त्यांच्या हातून नव्या प्रक्रिया घडाव्यात यासाठी वेगळे स्थान हवे होते, आणि ते पुण्यात तयार होत होते.

३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे उद्घाटन त्यानंतर, त्याच महिन्यात झाले. त्या जानेवारीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशनही पुण्यातच भरले होते. इमारत दिमाखदार होती. आतली उपकरणे मात्र मोजकीच होती. परकीय चलनाच्या टंचाईत साधे काचेचे उपकरण मागवायचे तरी महिनोन्‌महिने जात. प्रयोगशाळेने स्वतःचे काचकाम आणि यंत्रशाळा उभारली. शोधनिबंधांवर काच फुंकणाऱ्यांची नावे येत नाहीत. पण पुढे ज्या उत्प्रेरकांनी नाव कमावले, त्यांच्या पहिल्या चाचण्या घेता येतील अशी नळ्यांची आणि झडपांची मांडणी हातांनी करण्याची शिस्त या विभागांनी रुजवली. या वाटचालीत त्यांचा वाटा मोठा आहे.

पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. कॅनडात जन्मलेले मॅकबेन अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून निवृत्त होऊन पुण्याला आले. साबणाच्या द्रावणात रेणू एकत्र येऊन पुंजके करतात, हे त्यांचे संशोधन जगभर ओळखले जात होते. त्यांच्यानंतर १९५२ साली आलेले जॉर्ज इंगल फिंच हे आणखी निराळे गृहस्थ. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन सुमारे ८,३०० मीटर उंचीपर्यंत चढलेले हे गिर्यारोहक लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने धातूंच्या पृष्ठभागाचा अभ्यास करीत. पहिल्या दोन्ही संचालकांना पृष्ठभागाच्या विज्ञानात रस असावा हा योगायोग होता, पण तो फळला. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, आणि घन उत्प्रेरकाचे सारे कर्तृत्व त्याच्या पृष्ठभागावरच चालते. वायूचे रेणू तिथे येऊन टेकतात, त्यांचे बंध सैल होतात, नवे बंध जुळतात आणि तयार रेणू निघून जातो. पृष्ठभाग समजला नाही तर उत्प्रेरक म्हणजे नुसता दगड.

१९५७ साली प्रा. के. वेंकटरामन हे प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचेही ते पहिले भारतीय प्रमुख होते आणि कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचे ग्रंथ जगात प्रमाण मानले जात. त्यांच्यानंतर, १९६६ ते १९७८ या काळात, डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक यांनी धुरा वाहिली. हा काळ आयातीला पर्याय शोधण्याचा होता. देशात रसायनांचे कारखाने उभे राहत होते आणि परदेशी कंपन्या तंत्रज्ञान देताना मनमानी किंमत मागत. कधी देतच नसत. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधे आणि कीटकनाशकांच्या बाबतीत पदार्थाऐवजी केवळ प्रक्रियेला संरक्षण ठेवले, तेव्हा नवी प्रक्रिया शोधणाऱ्याला वाव मिळाला. पुण्याने तो साधला.

तरीही त्या दशकांत या आणि अशा प्रयोगशाळांवर टीका होत असे, आणि ती सगळी अनाठायी नव्हती. शोधनिबंध निघतात, कारखान्यात काय पोचते, असा प्रश्न संसदेत आणि वर्तमानपत्रांत विचारला जाई. काचेच्या भांड्यात उत्तम चालणारी अभिक्रिया दहा हजारपट मोठ्या भांड्यात वेगळीच वागते. उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, उत्प्रेरकाच्या दाण्यांमधून वायू सारखा वाहत नाही, एखाद्या कोपऱ्यात तापमान अचानक चढते आणि आठवडाभरात काजळीने उत्प्रेरकाची छिद्रे बुजतात. रसायनशास्त्रज्ञाचा शोध खोटा नसतो, पण कारखानदाराच्या तो उपयोगाचा राहत नाही. ग्रॅम आणि टन यांच्यामधला हा ओढा ओलांडण्याचे शास्त्र म्हणजे अभिक्रिया-अभियांत्रिकी. ते प्रयोगशाळेत रुजवण्याचे श्रेय डॉ. एल. के. दोराईस्वामी यांना जाते.

विस्कॉन्सिन विद्यापीठात ओलाफ हौगन यांच्या हाताखाली शिकून दोराईस्वामी १९५० च्या दशकात पुण्यात दाखल झाले आणि १९७८ साली संचालक झाले. वायू, द्रव आणि घन यांच्या सीमेवर घडणाऱ्या अभिक्रियांचे गणित हा त्यांचा विषय. मुंबईच्या प्रा. मनमोहन शर्मा यांच्यासह त्यांनी लिहिलेला विषमांगी अभिक्रियांवरील दोन खंडांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. मुंबई-पुण्याच्या दोन संस्थांतील या दोघांच्या मैत्रीने भारतीय रासायनिक अभियांत्रिकीला जो आत्मविश्वास दिला, त्याची मोजदाद अजून नीट झालेली नाही. दोराईस्वामींनी एक नेम घातला होता असे म्हणता येईल: उत्प्रेरक बनवणारा रसायनशास्त्रज्ञ आणि भट्टीचा आराखडा काढणारा अभियंता यांनी पहिल्या दिवसापासून एकाच टेबलाशी बसायचे. पुढची सगळी यशे या नेमातून आली.

१९७९ साली डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतून डॉ. पॉल रत्नसामी पुण्यात आले आणि उत्प्रेरक विभागाचे चित्र पालटले. त्यांनी झिओलाइटांवर लक्ष केंद्रित केले. झिओलाइट हे सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे स्फटिक. त्यांच्या अंगात रेणूच्या मापाची, निश्चित आकाराची छिद्रे आणि बोगदे असतात. ज्या छिद्राची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे वीस लाखाव्या भागाइतकी असते, त्यातून सडपातळ रेणू सहज निसटतो आणि रुंद रेणू अडकतो. म्हणजे उत्प्रेरक आणि गाळणी ही दोन्ही कामे एकच स्फटिक करतो.

याचा उपयोग कुठे होता? टेरिलीनच्या कापडाच्या मुळाशी पॅरा-झायलीन हे द्रव्य असते. पेट्रोलियमपासून झायलीन मिळते ते तीन प्रकारांच्या मिश्रणात, आणि त्यांतला पॅरा हाच प्रकार हवा असतो. बाकीच्या दोघांचे रूपांतर पॅरामध्ये करणारा उत्प्रेरक परदेशातून येई. बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा, म्हणजे आयपीसीएलचा, अशा उत्प्रेरकावर मोठा खर्च होत असे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने झिओलाइटावर आधारित स्वतःचा उत्प्रेरक बनवला, त्याला ‘एनसिलाइट’ असे नाव दिले आणि एसीसी व आयपीसीएल यांच्या साथीने ‘झायलोफायनिंग’ ही प्रक्रिया सिद्ध केली. १९८० च्या दशकाच्या मध्यात हा उत्प्रेरक बडोद्याच्या प्रकल्पात भरला गेला. सिमेंटसाठी ओळखली जाणारी एसीसीसारखी कंपनी उत्प्रेरक बनवते, हे ऐकून आज नवल वाटेल. पण बारीक भुकटीपासून मजबूत, सच्छिद्र दाणे पाडण्याची आणि भाजण्याची विद्या त्या घराण्यात होतीच.

चालत्या कारखान्यात नवा उत्प्रेरक भरायचा म्हणजे काय, हे सांगायला हवे. एक भरणी म्हणजे कित्येक टन माल. तो फसला तर प्रकल्प बंद, मागचा कच्चा माल अडून, पुढचा ग्राहक ताटकळत. असा निर्णय घेणाऱ्या आयपीसीएलच्या व्यवस्थापनाचे आणि भरणीच्या वेळी भट्टीपाशी ठाण मांडून बसलेल्या तंत्रज्ञांचे श्रेय प्रयोगशाळेच्या श्रेयाइतकेच आहे. देशी मालावर विश्वास टाकण्याची जोखीम ज्यांनी उचलली, त्यांची नावे सन्मानपत्रांत क्वचित सापडतात.

त्याच दशकात ‘अल्बेन’ प्रक्रिया आली. इथाइल बेंझीन बनवण्याची जुनी रीत अॅल्युमिनियम क्लोराइडवर चालत असे. ते गंजवते, आणि वापरून झाल्यावर त्याची विल्हेवाट लावणे जिकिरीचे. अल्बेनमध्ये झिओलाइट उत्प्रेरकावर थेट अल्कोहोल आणि बेंझीन यांची अभिक्रिया होते. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्सने ही प्रक्रिया उचलली. उसाच्या मळीपासून अल्कोहोल मुबलक काढणाऱ्या देशाला साजेसा हा मार्ग होता. स्वच्छ रसायनशास्त्र हा शब्द तेव्हा फारसा प्रचारात नव्हता, काम मात्र सुरू झाले होते. रत्नसामी यांना १९८४ साली भटनागर पुरस्कार मिळाला, आणि प्रयोगशाळेचा उत्प्रेरक विभाग देशातील या क्षेत्राचे माहेरघर मानला जाऊ लागला. डॉ. रघुनाथ चौधरी यांच्या गटाने याच काळात द्रावणात विरघळणाऱ्या उत्प्रेरकांचे आणि त्यांच्या अभिक्रियांच्या गतीचे शास्त्र बांधले.

१९८९ साली गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर संचालक झाले आणि दोनच वर्षांत देशाने आर्थिक दारे उघडली. ही संस्थेपुढची सर्वांत अवघड वेळ होती. आयातीला पर्याय देणे हेच ज्या प्रयोगशाळेचे चाळीस वर्षांचे ध्येय, तिने आयात खुली झाल्यावर काय करायचे? कारखानदार आता थेट परदेशी तंत्रज्ञान आणू शकत होता. सरकारी अनुदानावर अवलंबून राहणेही कठीण होत चालले होते. माशेलकरांनी उलट दिशेचा रस्ता धरला: परदेशी कंपन्यांनाच ज्ञान विकायचे, त्यासाठी आधी जगभर पेटंटे घ्यायची. जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी पॉलिकार्बोनेटच्या संशोधनाचा करार झाला. त्या संबंधांतूनच २००० साली बंगळूरमध्ये त्या कंपनीचे मोठे संशोधन केंद्र आले. संशोधकांना पेटंटाची भाषा नव्याने शिकावी लागली, काहींना ती रुचली नाही, आणि आतून कुरबुरही झाली. पण प्रयोगशाळा तगली. १९९५ साली माशेलकर दिल्लीला सीएसआयआरचे महासंचालक म्हणून गेले आणि पुण्याची सूत्रे रत्नसामींकडे आली.

नव्या शतकात संशोधनाचे माप आणखी लहान झाले. धातूचा कण जितका बारीक, तितके त्याचे जास्त अणू पृष्ठभागावर येतात. काही नॅनोमीटरच्या कणात पृष्ठभागावरील अणूंचा वाटा एवढा मोठा असतो की तो कण जवळजवळ सगळाच कामाचा. डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने असे कण सौम्य, जैविक मार्गांनी बनवण्याचा ध्यास घेतला. बुरशीकडून त्यांनी धातूचे नॅनोकण बनवून घेतले, आणि २००४ साली गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोपत्रे बनवल्याचा त्यांचा निबंध ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आला. परसातल्या गवती चहाने जगातल्या नामांकित नियतकालिकापर्यंत मजल मारावी, याचे कौतुक पुणेकरांना आजही आहे. २००२ ते २०१० या काळात डॉ. एस. शिवराम संचालक होते. २००६ साली स्थापन झालेल्या आयसर पुणे या विज्ञानशिक्षण-संस्थेचे पहिले वर्ग याच आवारात भरले, आणि २००७ साली ‘व्हेंचर सेंटर’ हे नवउद्योगांचे केंद्रही इथेच सुरू झाले.

याच सुमारास संस्थेने इंधनघटाच्या प्रश्नाला हात घातला होता. डॉ. विजयमोहनन पिल्लई आणि पुढे डॉ. श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटांनी विद्युत्‌रसायनाची ही शाखा वाढवली. इंधनघटात हायड्रोजन जळत नाही. एका इलेक्ट्रोडाशी त्याचे इलेक्ट्रॉन वेगळे होतात आणि तारेतून वीज म्हणून वाहतात. दुसऱ्या इलेक्ट्रोडाशी हवेतला ऑक्सिजन त्यांना येऊन मिळतो आणि पाणी तयार होते. धूर नाही, राख नाही. हायड्रोजनच्या बाजूचे काम चटकन होते. अडचण ऑक्सिजनच्या बाजूला आहे: त्याच्या रेणूतला दुहेरी बंध तोडणे जड जाते, आणि ते काम पुरेशा वेगाने करणारा, आम्लात टिकणारा धातू म्हणजे प्लॅटिनम. तो दुर्मीळ, महाग आणि आपल्याकडे बाहेरून येणारा. एनसिलाइट येण्यापूर्वी झायलीनच्या उत्प्रेरकाबाबत जी अवस्था होती, तीच पुन्हा समोर आली.

प्रगती सोपी नव्हती. घटाचे पापुद्रे, वायू वाहून नेणाऱ्या पट्ट्या, आयन पलीकडे नेणारे पटल, उत्प्रेरकाचा लेप अशा प्रत्येक थराचा पुरवठादार परदेशात, आणि एक थर बिघडला की एकावर एक रचलेल्या घटांचा सगळा थप्पा वाया. सीएसआयआरच्या ‘निमितली’ या उद्योग-सहभागाच्या योजनेखाली पुण्याची ही प्रयोगशाळा, कराईकुडीची केंद्रीय विद्युत्‌रसायन संस्था आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशा तिघींनी कामे वाटून घेतली. एका संस्थेच्या नावावर हे श्रेय टाकता येणार नाही, आणि कोणी टाकतही नाही. २६ सप्टेंबर २०१९ रोजी, सीएसआयआरच्या स्थापनादिनी, पुण्याच्या थरमॅक्स कंपनीच्या भागीदारीत बनवलेला ५ किलोवॉटचा उच्च तापमानावर चालणारा इंधनघट राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते देशासमोर आला. मिथेनॉल किंवा जैव-मिथेनवर चालणारा हा संच वीज आणि उष्णता दोन्ही देतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीसह सीएसआयआरने देशी इंधनघटावर धावणाऱ्या मोटारीची चाचणी यशस्वी झाल्याचे जाहीर केले. चाचणी प्रयोगशाळेच्या आवारातच झाली. १० किलोवॉटचा थप्पा, ६५ ते ७५ अंश सेल्सिअस तापमान, ३५० बार दाबाखाली सुमारे पावणेदोन किलो हायड्रोजन आणि ताशी ६० ते ६५ किलोमीटर वेगाने अंदाजे २५० किलोमीटरचा पल्ला असा तो हिशेब होता. कोविडच्या साथीच्या त्या वर्षात हे काम झाले. २१ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस देशाला दाखवली.

हायड्रोजनच्या जोडीला एक जरा घरगुती विषयही होता, तो म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. मिथेनॉलपासून डायमिथाइल इथर बनवणारा उत्प्रेरक आणि त्याची प्रक्रिया प्रयोगशाळेने सिद्ध केली, दिवसाला २० ते २४ किलो क्षमतेचा प्रायोगिक प्रकल्प उभारला आणि एलपीजीत हे इंधन मिसळून जाळता येईल अशी शेगडीही तयार केली. मिथेनॉल कोळशापासून बनते तसे शेतातल्या अवशेषांपासूनही बनवता येते. गोंदियासारख्या धानाच्या आणि राइस मिलांच्या जिल्ह्यात तुसाचे ढीग दरवर्षी साचतात. त्यांच्यापुढे आज वीटभट्टी किंवा बॉयलर एवढाच रस्ता असतो. त्या तुसाचा वायू, वायूचे मिथेनॉल आणि मिथेनॉलचे घरगुती इंधन, ही साखळी कागदावर पक्की आहे. मधली प्रत्येक कडी उत्प्रेरकावर चालते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या याच जिल्ह्यात, तिरोड्याला, ६६० मेगावॉटचे पाच संच मिळून ३,३०० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे. जुन्या आणि येऊ घातलेल्या ऊर्जेचे माप एकाच तालुक्यात उभे राहून घेता यावे, असे ठिकाण शोधायचे तर ते इथे आहे.

या काळात जगभर उत्प्रेरकांच्या विचारात एक नवी कल्पना शिरली. हजारो वर्षे मिश्रधातू म्हणजे एक मुख्य धातू आणि त्यात चिमूटभर दुसरे मूलद्रव्य, असेच चालत आले: लोखंडात कार्बन, तांब्यात कथील. २००४ साली इंग्लंडचे ब्रायन कँटर आणि तैवानचे जिएन-वेई ये यांनी स्वतंत्रपणे पाच किंवा अधिक धातू जवळपास समसमान प्रमाणात मिसळण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कँटर यांच्या मिश्रधातूत क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल होते, प्रत्येकी वीस टक्के. इतक्या धातूंची सरमिसळ झाली की मिश्रणातली अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, एवढी वाढते की वेगवेगळी संयुगे सुटी पडण्याऐवजी सगळे अणू एकाच स्फटिकात नांदू लागतात. म्हणून नाव उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एस. रंगनाथन यांनी २००३ सालीच ‘करंट सायन्स’मध्ये या बहुधातू मिश्रणांवर लिहिले होते. पुढे ते, प्रा. बी. एस. मूर्ती आणि ये यांनी मिळून या विषयाचा ग्रंथ सिद्ध केला. त्यामुळे विषय भारताला परका कधीच नव्हता. भंडारा-बालाघाटचे मँगनीज या पंचकात आहे, याचीही नोंद विदर्भाने करायला हरकत नाही.

उत्प्रेरकाला याचा लाभ असा. पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूला निराळे शेजारी मिळतात. कुणाभोवती दोन निकेल आणि तीन लोह, कुणाभोवती कोबाल्टची गर्दी. त्यामुळे ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला धरून ठेवण्याची ताकद जागोजागी बदलते. फार घट्ट धरले तर रेणू सुटत नाही, सैल धरले तर अभिक्रिया होत नाही. मधली नेमकी पकड असलेल्या जागा या विविधतेत आपोआप सापडतात. २०१८ साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने आठ धातूंचे एकजीव नॅनोकण बनवून दाखवले. कार्बनच्या तंतूंवर धातूंचे क्षार, सेकंदाच्या अंशापुरता सुमारे दोन हजार केल्विनचा चटका आणि लगेच थंड. एरवी एकमेकांत न मिसळणारे धातू फारकत घेण्याआधीच गोठतात. भारतात आयआयटी कानपूरचे प्रा. कृशानू बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. मिश्रधातू अतिशीत तापमानाला दळून त्यांनी सोने, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि तांबे यांचे पंचधातूंचे नॅनोकण मिळवले, आणि कार्बन डायऑक्साइडचे विजेच्या साहाय्याने इंधनवायूंत रूपांतर करण्यात त्यांचा उपयोग २०२० साली दाखवला. सोने-प्लॅटिनम घालून बनवलेले पंचधातू अर्थातच स्वस्त नाहीत. संशोधकांचा पुढचा रोख मौल्यवान धातूंचा वाटा घटवून लोह, निकेल, मँगनीज यांना अधिक काम देण्याकडे आहे.

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांची राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हे तिचे लक्ष्य आहे. पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करायला उत्प्रेरक लागतो, तो अमोनियात साठवायला लागतो, आणि इंधनघटात त्याची वीज करायलाही लागतो. एप्रिल २०२१ पासून डॉ. आशिष लेले यांच्या नेतृत्वाखाली असलेली, १९५० पासूनची पंचाहत्तर वर्षे पार केलेली पुण्याची प्रयोगशाळा या साखळीच्या मधोमध उभी आहे. झिओलाइटांच्या काळात कमावलेली उत्प्रेरकाचे दाणे पाडण्याची, त्यांचे आयुष्य मोजण्याची आणि कारखान्यापर्यंत नेण्याची विद्या तिच्याजवळ आहे. नव्या बहुधातू उत्प्रेरकांना नेमकी याच विद्येची गरज आहे.

कारण त्यांचा खरा कस अजून लागायचा आहे. इंधनघटाच्या आम्लात मँगनीज आणि लोह हळूहळू विरघळतात, आणि सुटलेले आयन पटलात शिरून त्याची वाहकता घटवतात. आठ धातूंचे मिलिग्रॅमभर चूर्ण शेकडो वेळा तसेच्या तसे बनवणे एक काम, किलोभर बनवून प्रत्येक दाण्यात प्रमाण सारखे राखणे दुसरे. चाचणीच्या टेबलावर उत्प्रेरकाचे काही हजार विद्युत्‌-चक्रांत काय होते ते पाहिले जाते. अवजड वाहनांसाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने इंधनघटाला घातलेली अट २५,००० तासांची आहे. बसच्या हिशेबाने रोज बारा तास धरले तर ती साडेपाच वर्षांहून अधिक होते. या कामासाठी लागणारा उत्प्रेरक अजून कोणाच्याच हाती नाही, आणि तो शोधणाऱ्या पाषाण रस्त्यावरच्या दालनांतली चाचणीची यंत्रे त्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवावी लागतात.